जंताच्या दोन चुली



दरवर्षी १० फेब्रुवारीला शाळांत आणि अंगणवाड्यांत मुलांना अल्बेंडाझोलची, म्हणजे जंताची गोळी चघळायला देतात. ज्या जंतांवर ती देतात, त्यांतल्या गोल जंताबद्दल, ॲस्केरिसबद्दल, आज बोलायचं आहे. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचावाटे मातीत जातात आणि न धुतलेल्या हातांवरून, भाजीवरून पुन्हा कुणाच्या तरी पोटात.

त्या अंड्यातून निघालेली अळी आतड्यातच थांबते, असं आपल्याला वाटतं. पण ती आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात आणि तिथून फुप्फुसात जाते, घशाशी चढते, गिळली जाते आणि मग आतड्यात येऊन मोठी होते. जपानचे संशोधक कोइनो यांनी १९२२ साली अशी दोन हजार अंडी स्वतः गिळली आणि पुढे आपल्याच थुंकीत अळ्या शोधून काढल्या. त्यांच्यापुढे मी मनापासून हात जोडतो.

पण जंताची खरी अडचण श्वासाची. मातीतल्या अंड्यात अळी वाढते ती ऑक्सिजनवर. आतड्यात ऑक्सिजन जेमतेम. हवेवर पेटणारी चूल तिथं विझायचीच. मग जंत दुसरी चूल मांडतो. श्वसनाच्या काही प्रथिनांची जनुकं मंदावतात, त्यांची जोडीदार जनुकं जागी होतात. यूबिक्विनोनच्या जागी रोडोक्विनोन नावाचा रेणू येतो. अळीत सक्सिनेटचं फ्युमरेट होत असे, मोठ्या जंतात फ्युमरेटचं सक्सिनेट होऊ लागतं. अख्खी रासायनिक वाटच उलटी फिरते!

यासाठी नवं जनुक कुठूनही येत नाही. टोरांटोच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की दोहोंपैकी कोणता रेणू तयार व्हायचा, हे कॉक-२ या एकाच जनुकाचा निरोप कसा कापून जोडला जातो त्यावर ठरतं. मातीतल्या अळीत तो एका तऱ्हेनं जुळतो, आतड्यातल्या जंतात दुसऱ्या.

माणसाचं शरीर मुख्यतः यूबिक्विनोनवर चालतं, रोडोक्विनोनवर नाही. म्हणजे फक्त जंताची चूल विझवणारं औषध कदाचित शोधता येईल, आणि तो शोध सुरू आहे. मला त्याची घाई वाटते. मुलांच्या गोल जंतांवर आपली गोळी अजून चांगली चालते. शेळ्यामेंढ्यांच्या पोटातल्या काही जंतांवर मात्र हेच औषध कित्येक ठिकाणी आता लागू पडत नाही.