परमुलखी बालकांस इंग्रजी शिकविण्यास जाणाऱ्यांस चार शब्द

(महोत्सवी वर्षात धर्मग्रामातील युवक-युवतींच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त मी दोन शब्द बोलावे, अशी व्यवस्थापक मंडळींची इच्छा झाली. विषयाची मोकळीक त्यांनी मजवर सोपविली. म्हणून ह्या वर्षी वारंवार माझ्या मेजावर येऊन पडलेला विषयच मी निवडला आहे. कॉलेजचे शिक्षण संपल्यावर आणि नोकरीस लागण्यापूर्वी काही काळ परदेशी जावे, व तेथील लहान मुलांस विनावेतन इंग्रजी शिकवावे, असा संकल्प आपल्यातील काही तरुण-तरुणींनी केला आहे. त्यासाठी त्यांस धर्मगुरूचे शिफारसपत्र हवे असते. असे पत्र लिहावयास पाच मिनिटे पुरतात. परंतु ज्या मुलांकडे हे तरुण जाणार, त्यांचे आईबाप ते पत्र वाचावयास येथे नसतात. त्यांच्या वतीने काही प्रश्न कोणी तरी विचारले पाहिजेत. ते आज मी सर्वांसमक्ष विचारणार आहे.

आरंभीच सांगतो की, हा संकल्प स्तुत्य आहे. आपले सुख बाजूस ठेवून परक्या मुलाच्या पाटीवर अक्षर काढून देणे, हे लहान काम नव्हे. इंग्रजीची गरजही खोटी नाही. आपल्या महाराष्ट्रात इ. स. २००० पासून सर्व शाळांतून पहिल्या इयत्तेसच इंग्रजी सुरू झाली, ती पालकांची निकड ओळखूनच. शेजारच्या नेपाळात तर खाजगी इंग्रजी शाळांस लोक सरसकट ‘बोर्डिंग’ म्हणतात, मग तेथे एकही मूल मुक्कामास नसो; आणि पोटाला चिमटा घेऊन आईबाप मुलांस तेथे घालतात. तेव्हा शिकविणारा हवाच आहे. प्रश्न एवढाच की, तो कसा असावा, आणि तो परत गेल्यावर मुलाच्या पदरी काय उरावे.

ह्याचा विचार करण्यास मी तुम्हांस नेपाळातच घेऊन जातो. काठमांडूच्या दक्षिणेस फुलचोकी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. त्याचे नाव गोदावरी. आपल्या नाशिकच्या नदीचेच नाव ऐकून तुम्हांस आपुलकी वाटेल. ह्या एका गावी दोन परदेशी मनुष्य दोन निरनिराळ्या काळी आले, आणि त्या दोघांच्या कथेत माझे बहुतेक व्याख्यान सामावते.

पहिले फादर मार्शल मोरान. हे अमेरिकन येशूसंघीय. १९५१ साली राणांची सत्ता गेली, त्या वेळी नेपाळात लिहितावाचता येणारे शंभरात जेमतेम पाच होते. अशा समयी सरकारच्या संमतीने त्यांनी गोदावरीस लहान मुलग्यांसाठी सेंट झेवियर्स शाळा काढली. तत्पूर्वी अनेक वर्षे ते पाटण्याकडे शिक्षणाचे काम करीत होते. म्हणजे हिंदुस्थानची हवा, माणसे आणि मुले ह्यांचा सराव करूनच ते डोंगर चढले. १९९२ साली मृत्यू येईपर्यंत नेपाळ हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. ज्यांस त्यांनी मुळाक्षरे शिकविली, त्यांची मुलेही पुढे त्याच शाळेत येतील, इतका हा काळ दीर्घ आहे.

दुसरे कॉनर ग्रेनन. हेही अमेरिकन, परंतु धर्मगुरू नव्हेत. वर्षभर जगाची सफर करावयास निघालेले तरुण गृहस्थ. २००४ साली सफरीचा पहिला टप्पा म्हणून ते तीन महिने गोदावरीच्या एका बालगृहात स्वयंसेवक झाले. मुले अनाथ आहेत असे त्यांस सांगण्यात आले होते. पुढे उघडकीस आले की, त्या मुलांचे आईबाप जिवंत होते. देशात १९९६ पासून २००६ पर्यंत यादवी चालली होती. वायव्येकडील हुमला नावाच्या दुर्गम जिल्ह्यातील शेतकऱ्यांस दलालांनी भुलविले की, मुले आम्हांकडे द्या, शहरात शाळेत घालतो, लढाईपासून वाचवितो. त्याबद्दल दलालांनी पैसेही घेतले, आणि मुले काठमांडूस आणून टाकली. ग्रेनन ह्यांनी २००६ साली ह्या कामासाठी एक संस्था स्थापन केली, आणि मुलांची छायाचित्रे बरोबर घेऊन हुमल्याच्या डोंगरातून पायी हिंडून आईबापांचा शोध लाविला. हा वृत्तांत त्यांनी स्वतःच पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आहे.

मित्रहो, ही एकाच घराची गोष्ट असती, तर मी ती येथे सांगितली नसती. कंबोडिया देशात २००५ ते २०१० ह्या पाच वर्षांत बालगृहांची संख्या शेकडा ७५ नी वाढली. त्या काळात तेथे अनाथ मुले वाढली नव्हती; वाढले होते ते प्रवासी. तेथील बालगृहांतील सुमारे तीनचतुर्थांश मुलांस आई किंवा बाप हयात असल्याचे आढळले. नेपाळातही बहुसंख्य बालगृहे प्रवाशांच्या वर्दळीच्या जिल्ह्यांतच वसली आहेत. ह्याचा अर्थ उघड आहे. चांगल्या मनाचे तरुण येतात, शिकविण्याची हौस म्हणून वर पैसेही भरतात. त्यांच्यासाठी मुले लागतात. आणि मुले लागतात म्हणून ती कोणाच्या तरी घरातून आणिली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्या वेळी बालगृहांसाठी होणाऱ्या ह्या व्यवहाराचाही विचार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या डिसेंबरात बालहक्कांवरील ठरावात अशा बालगृहांतील प्रवासी स्वयंसेवेचा धोका नोंदविला.

आणखी एक हानी आहे, ती पैशाने मोजता येत नाही. डॉक्टर जॉन बोल्बी ह्यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात दाखविले की, लहान मुलाच्या मनास एका स्थिर, प्रेमळ माणसाची जरूर अन्नाइतकीच असते. आता असे मूल कल्पना करून पाहा की, ज्याच्या गळ्यात दर महिन्यास एक नवी ताई हात टाकते, त्यास गाणे शिकविते, त्याजबरोबर छायाचित्र काढून घेते, आणि चौथ्या आठवड्यात अश्रू ढाळीत निघून जाते. ती ताई घरी आपल्या आईपाशी जाते. ते मूल मात्र पुढच्या ताईची वाट पाहत राहते. तिच्या अंतःकरणात काडीमात्र कपट नसते. तरीही मुलास झालेली इजा इजाच राहते.

तर मग कोणी जाऊच नये काय? मी तसे म्हणत नाही. जाणाऱ्याने तीन गोष्टी पतकराव्यात, असे माझे म्हणणे आहे.

पहिली गोष्ट, मुलाची भाषा. येथे मला आपल्याच पूर्वजांच्या एका गुरूची आठवण करून द्यावीशी वाटते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरले. ते जन्माने इंग्रज. पण आपली भाषा येथील लोकांस शिकविण्याचा उद्योग त्यांनी केला नाही. साष्टीच्या खेड्यांतून सुमारे चाळीस वर्षे राहून ते मराठी व कोंकणी शिकले, आणि १६१६ साली रायतूरच्या छापखान्यातून त्यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण बाहेर पडले. त्यांनी रचिलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. परदेशातून येऊन शिकविणाऱ्याने आधी शिष्य व्हावे लागते, ह्याचा ह्याहून मोठा दाखला आपणांस शोधावयास नको.

तुम्हांस हे काम फादर स्टीफन्सपेक्षा पुष्कळ सोपे आहे. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात. दुकानावरची पाटी तुम्ही पहिल्या दिवशी वाचाल. हात, कान, नाक, घर, दूध, भात, हे शब्द त्यांचेही तेच आहेत. तथापि तेवढ्याने फुशारून जाऊ नका. २०२१ च्या शिरगणतीत नेपाळात १२४ मातृभाषांची नोंद झाली. तामाङ किंवा थारू घरातील मुलास नेपाळी हीच शाळेत शिकावयाची दुसरी भाषा असते, आणि तुमची इंग्रजी तिसरी. लहान मुलाचे शिक्षण त्याच्या मातृभाषेतून व्हावे, असा निर्वाळा युनेस्कोने १९५३ सालीच दिला आहे. म्हणून इंग्रजी ही त्या पायावरची वरची माडी समजावी. पाया उखडून माडी बांधू नये.

लहान मुलांस परभाषा कशी येते, हेही जाण्यापूर्वी समजून घ्या. मूल प्रथम ऐकते, आणि बराच काळ नुसते ऐकते. त्याचे ते मौन म्हणजे मंदपणा नव्हे. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक रीत मांडली: शिक्षकाने आज्ञा करावी आणि ती स्वतः करून दाखवावी, मुलाने बोलण्याची घाई न करिता ती अंगाने पाळावी. ‘स्टँड अप’ म्हणा व उभे राहा. ‘टच युअर नोज’ म्हणा व नाकास हात लावा. पंधरावीस मिनिटे असा खेळ झाला की पुरे. एकच गोष्ट सात दिवस सांगा. आठव्या दिवशी मूलच तुम्हांस सांगू लागेल. प्रत्येक चुकीवर बोट ठेवाल, तर ते तोंड मिटून घेईल. आणि आपली मातृभाषा इंग्रजी नाही, म्हणून मनात कमीपणा मानू नका. इंग्रजी शिकताना जीभ कोठे अडखळते, हे तुम्ही स्वतः अनुभविले आहे. मुलाच्या अडचणीची जाण तुम्हांस त्यामुळेच अधिक असेल.

दुसरी गोष्ट, काळ. अमेरिकेने १९६१ साली ‘पीस कोअर’ स्थापन केली, तेव्हा तिचे पहिले स्वयंसेवक घाना देशात शिक्षक म्हणूनच गेले. त्या संस्थेने सेवेची मुदत दोन वर्षांची ठरविली, आणि तिच्या आधी काही महिने देशाची भाषा व रीतिभाती शिकविण्याचा नेम ठेविला. दोन वर्षे तुम्हां सर्वांस शक्य नाहीत, हे मी जाणतो. परंतु एक पुरे शैक्षणिक वर्ष तरी देता येत नसेल, तर लहान मुलांच्या वर्गाचा भार आपल्याकडे घेऊ नका. थोड्या मुदतीत करण्याजोगे काम निराळे आहे, आणि ते तिसऱ्या गोष्टीत येते.

तिसरी गोष्ट, त्या मुलाचा स्वतःचा शिक्षक. गावात एक शिक्षक किंवा शिक्षिका आधीच आहे. तुटपुंज्या वेतनावर ती वर्षानुवर्षे तेथे राहिली आहे, आणि तुम्ही गेल्यावरही राहणार आहे. तुम्ही फळ्यापुढे उभे राहून तिला मागच्या बाकावर बसविले, तर मुलांच्या डोळ्यांत तिची किंमत उतरते. त्याऐवजी तिच्या हाताखाली राबा. शाळा सुटल्यावर तिच्याशी इंग्रजीत संभाषण करा, पाठासाठी चित्रे काढून द्या, गोष्टींची पुस्तके जमवा, उच्चाराची शंका एकांतात निवारा. सहा आठवड्यांतही हे साधते. एका शिक्षिकेस धीर आला, तर पुढील वीस वर्षांची मुले त्याचा लाभ घेतील.

आता शिफारसपत्राकडे वळतो. ह्यापुढे जो कोणी ते मागावयास येईल, त्यास मी पुढील प्रश्न विचारीन. तुम्ही शाळेत जाणार की बालगृहात? बालगृह असेल, तर मी सही करणार नाही. तुम्हांस बोलाविणाऱ्या संस्थेने पोलिसांचा दाखला व तुमची पूर्वपीठिका मागितली काय, की केवळ पैसे मागितले? मुलांशी एकांत टाळण्याचा व त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध न करण्याचा लेखी नियम तिने घातला आहे काय? तुमच्या येण्याने तेथील कोणा शिक्षकाची भाकर जाणार नाही ना? आणि त्या देशाच्या भाषेतील निदान शंभर शब्द तुम्हांस येतात काय? १९५० च्या करारामुळे भारतीय माणसास नेपाळात जावयास व्हिसा लागत नाही. म्हणून वेशीवर जे प्रश्न कोणी विचारणार नाही, ते येथे विचारलेले बरे.

आणखी एक अट घालतो. परमुलखी जाण्यापूर्वी एक वर्ष येथे शिकवून दाखवा. आपल्या पालघर जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर हंगामात कातकरी व वारली कुटुंबे येतात. त्यांच्या मुलांची घरची बोली पुस्तकी मराठीहून भिन्न असते. म्हणजे परभाषेत शिकणारे मूल तुम्हांस येथेही भेटेल. दर शनिवारी तेथे जा. पावसाळ्यापूर्वी भट्टी बंद होऊन ते बिऱ्हाड हलेपर्यंत एकही वार चुकवू नका. मुलांची नावे, त्यांची गाणी, त्यांचे शब्द शिकून या. तेथे जो टिकला, त्याचे पत्र मी आनंदाने लिहीन, व प्रवासखर्चासाठी धर्मग्रामापुढे झोळीही पसरीन.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी अशा सेवेस निघाली, तर नोकरीचे एक वर्ष बुडाले म्हणून हळहळू नका; आणि परत आल्यावर किती छायाचित्रे आणली, असेही विचारू नका. त्या मुलांची नावे सांग, त्यांच्या भाषेत त्यांस हाक कशी मारतात ते सांग, असे विचारा. तिला ते सांगता आले, तर ती खरोखरच तेथे जाऊन आली, असे समजा.

महोत्सवाच्या ह्या वर्षी आपल्या तरुणांपैकी एक जण जरी अशा तयारीने निघाला, आणि त्याच्या मागे एका दूरच्या गावात एक शिक्षिका अधिक हिमतीने फळ्यापुढे उभी राहिली, तर आपला हा महोत्सव सार्थकी लागला, असे मी मानीन. परमेश्वर तुम्हां सर्वांस सद्बुद्धी व धीर देवो, इतके बोलून मी आपली रजा घेतो.