मावशी, तुम्ही जेवलात का?

(उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर केलेल्या भाषणावरून)



जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर मी दर महिन्याला जाते. तिथल्या एका मावशींच्या चोवीस वर्षांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. आधी दोन वर्षं भगताकडे फेऱ्या झाल्या, मग डॉक्टरांची औषधं सुरू झाली. मी गेले की विचारायची, "गोळ्या घेतो का? झोपतो का? अजून एकटाच बोलतो का?" उत्तरं वहीत लिहायची, प्रार्थना करायची आणि निघायची. वर्षभर हेच चाललं.

एकदा मावशी म्हणाल्या, "ताई, त्याचा समदा इचारता. मी जेवले का, कोनी इचारत नाय."

मी वही मिटली आणि बसले. मुलगा रात्री उठून रानात निघून जाई, म्हणून मावशी दाराशी आडव्या पडत. कित्येक महिन्यांत त्यांना सलग झोप नव्हती. पावसात आवणीला जायचं तर घरी कोण, म्हणून धाकट्या मुलीला आश्रमशाळेतून घरी आणलं होतं. सातवीतली ती पोर भावावर लक्ष ठेवायची. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर गेला. यांना जाता आलं नाही. ती मजुरीही बुडाली. यातलं काहीच माझ्या वहीत नव्हतं.

पाड्यावर मागे राहिलेल्या दोन आज्यांशी आम्ही बोललो. आता त्या आठवड्यातून दोन दिवस त्याच्याजवळ बसतात. मंडळीतला एक तरुण महिन्यातून एकदा त्याला मोटारसायकलवर डॉक्टरांकडे नेतो. मुलगा बरा झाला, असं मी सांगणार नाही. या पावसाळ्यात त्याचं पुन्हा बिघडलं. पण मावशी आवणीला गेल्या, आणि मुलगी जूनमध्ये शाळेत परतली.

दारूच्या घरात तर बोल बाईलाच लागतो. "तू नीट वागलीस तर तो कशाला पिईल?" असं आपल्यातलेही म्हणतात. तिच्यामुळे तो पीत नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे, कारण आधार तिलाही लागतो. आणखी एक सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. थरथर, झटके, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या देणगीतून गाडीभाडं निघतं, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण काही गोष्टी पैशाने होत नाहीत. आपल्या ओळखीत असं एखादं घर असेल तर एक दुपार तिथे बसा, म्हणजे तिला झोपता येईल. सल्ला देऊ नका, ऐका. तिने सांगितलेलं बाहेर बोलू नका, प्रार्थनेची विनंती म्हणूनसुद्धा नाही. तो मारत असेल तर "सहन कर" म्हणू नका. तिला आणि मुलांना आधी सुरक्षित जागी न्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर तिला द्या. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि घरच्यांनाही तिथे बोलता येतं.

आपण उपासनेत आजाऱ्यांची नावं घेतो. यापुढे त्यांना सांभाळणाऱ्यांसाठीही प्रार्थना करू या. आणि उपासना सुटल्यावर त्यांच्या घरी जाऊन विचारू या, "मावशी, तुम्ही जेवलात का?"