बटव्यातले काय ठेवावे?



मारुंजी हे मुळशी तालुक्यातील गाव, हिंजवडीच्या शेजारचे. आज त्या बाजूस उंच इमारती उठल्या आहेत. पण पुण्याच्या पश्चिमेकडील या पट्ट्यात बांधाला अडुळसा आणि ओढ्याकाठी निरगुडी ही पूर्वापार सोयरी. अडुळशाला शेळी तोंड लावीत नाही, म्हणून त्याचे कुंपण टिकते. आणि घरात खोकला शिरला की त्याच कुंपणाची चार पाने काढ्यात पडतात. पाय मुरगळला तर निरगुडीचा पाला शेकून बांधावा, पोट दुखले तर ओवा चावावा. हा आपला आजीबाईचा बटवा.

तो थट्टेचा विषय नव्हे. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झीन हे औषध घडविले गेले. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत 1995 साली पेटंट दिले गेले; आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते 1997 साली रद्द करविले. आपण टाळ्या वाजविल्या, त्या योग्यच. परंतु त्या निकालाने हळदीचा उपाय जुना ठरला. गुणकारी ठरला असे नव्हे. जुने आणि खरे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

काविळीचेच पाहा. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि श्रेय गळ्यातील माळेला मिळते. पण तीच कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. बिनविषारी साप चावला तर मांत्रिकाचा मंत्र 'लागतो'. घोणस किंवा मण्यार चावली तर प्रतिविषाच्या सुईवाचून गत्यंतर नाही, आणि मंत्रात गेलेली घटका परत येत नाही. तान्ह्या बाळाच्या नाळेला शेण लावणे म्हणजे धनुर्वाताला आवतण. मधाचे बोटसुद्धा वर्षाच्या आतील बाळाला देऊ नये.

मग बटवा फेकावा काय? मुळीच नाही. तो उघडून निवडावा, जशी आजी तांदूळ निवडीत असे. साध्या खोकल्याला काढा खुशाल घ्यावा. दोन आठवडे उलटले तर मात्र डॉक्टर गाठावा, कारण तो क्षयही असू शकतो. आजीचे खरे औषध तिची माया आणि जागरण. ते कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, तसेच ते दवाखान्याच्या आडही येत नाही.