चला, लेणं शोधायला!

श्रोतेहो, 'गुहा पाहायला चला' म्हटलं की आमच्या घरातल्या मुलांचे डोळे चमकतात आणि 'लेणी पाहायला चला' म्हटलं की तीच मुलं तोंड वाकडं करतात. गुहा म्हणजे अंधार, वाघ, चोरांनी पुरलेला खजिना. लेणं म्हणजे शाळेची सहल आणि फलकावरचा मजकूर वहीत उतरवून घेणं. दोष मुलांचा नाही, आपला आहे. लेणं आपण त्यांना 'दाखवतो'. शोधू देत नाही.

तसं पाहिलं तर आपल्या सह्याद्रीत पाण्याने झालेल्या लांबलचक गुहा फारशा नाहीतच. मेघालयात आहेत, आंध्रात बोरा इथं आहेत. कारण तिथला दगड चुनखडीचा. पाणी त्याला हळूहळू विरघळवीत आत शिरतं. आपला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, थरावर थर साचून झालेला. तो पाण्याला सहजी दाद देत नाही. छिन्नीला मात्र देतो! म्हणून आपल्याकडे गुहा शोधायला निघालं, की बहुधा माणसाच्या हाताचंच काम सापडतं.

एका हिवाळ्यात आम्ही पाच जण बेडशाला गेलो. मी, पत्नी, चौदा वर्षांची थोरली, आठ वर्षांचा धाकटा आणि माझी आई. कार्ले-भाजे सोडून बेडसे का, असं तुम्ही विचाराल. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते, भाजे मळवली स्टेशनापासून पायी जाण्याच्या टप्प्यात आहे. बेडसे त्या मानाने आडबाजूला. कामशेतला उतरायचं, पवनानगरकडे जाणारा रस्ता धरायचा आणि बेडसे गावाशी डोंगराच्या पायथ्याला यायचं. लेण्याचं तोंड पूर्वेकडे आहे, तेव्हा सकाळीच पोचावं. उजेड थेट आत जातो.

निघण्याआधी मुलांना खुणा सांगून ठेवल्या होत्या. लेणं सहसा डोंगराच्या माथ्यावर नसतं; जिथं सलग, न फुटलेला कातळ मिळेल अशा कड्यात असतं. जवळपास जुना घाटरस्ता असतो, कारण कोकणातल्या बंदरांकडून वर येणारे व्यापारी आणि त्यांचे तांडे यांच्या दानावरच हे काम चालायचं. आणि पाणी असतं. पाण्याचं टाकं दिसलं, की समजावं, आता आपण कुणाच्या तरी अंगणात आलो.

आता खरं सांगायचं तर बेडशाला पायऱ्या बांधलेल्या आहेत, चांगल्या चारशेच्या घरात. वाट चुकायची सोय नाही! आईने तर मोजून मोजून, दर पन्नासाला बसून त्या चढल्या. पण गंमत पुढेच आहे. वर पोचल्यावरही मुख्य चैत्य दिसत नाही. समोर न कोरता तसाच ठेवलेला कातळाचा मोठा ठोकळा उभा आहे आणि त्याच्यामधून एक अरुंद बोळ आत जातो. धाकटा त्यात शिरला आणि आतून ओरडला, "बाबा, हत्ती!"

बोळ ओलांडला, की एकदम मान वर करावी लागते. उंचच उंच अष्टकोनी खांब, त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल, आणि त्यांवर बसलेल्या स्त्रीपुरुषांच्या जोड्या. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे काम. माझ्या तोंडून व्याख्यान सुरू होणार होतं, ते पत्नीने नजरेनेच थांबवलं. बरं झालं. थोरलीने आपणहून विचारलं, "वरचे हत्ती कोरायला हे लोक चढले कसे?" मी म्हटलं, चढलेच नाहीत. ते वरून खाली आले. कातळ छतापासून कोरायला घ्यायचा आणि जमिनीपर्यंत उतरायचं. म्हणजे हत्ती आधी, खांबाचा पाय शेवटी. एकदा जास्त निघालेला दगड परत बसवता येत नाही. यावर ती बराच वेळ गप्प होती.

चैत्याशेजारी विहार आहे. इतर विहार बहुधा चौकोनी, सपाट छताचे. हा मागच्या बाजूला अर्धगोल आणि वर कमानीच्या छताचा. भोवती भिक्षूंच्या लहान लहान खोल्या. इथेच आमची घाबरगुंडी उडाली.

डबे उघडता उघडता लक्षात आलं, की धाकटा नाही. हाका मारल्या. कमानीखाली हाकेला हाक मिळते. त्याने 'ओ' दिली असती तरी कुठून आली ते कळलं नसतं. पण 'ओ' आलीच नाही. बाहेर कातळात पाण्याची टाकी आहेत. पत्नी एक शब्द न बोलता तिकडे धावली. मी तिच्यामागे. पाणी स्थिर होतं. श्रोतेहो, स्थिर पाण्याकडे पाहून जीव थाऱ्यावर येत नाही, उलट आणखी उडतो, हे मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात आईची हाक आली. ती म्हातारी बाई आरडाओरडा न करता एकेका खोलीत वाकून पाहत गेली होती. एका अंधाऱ्या खोलीत हा पठ्ठ्या आडवा पडून होता. "साधूबुवाला थंडी वाजायची का, ते बघत होतो," म्हणाला. मग हाकेला ओ का दिली नाहीस? तर म्हणे, "साधूबुवा बोलत नसतील ना!"

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा: प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी, मोठ्या माणसांपैकी एकाने फक्त टाक्यांवर लक्ष ठेवायचं, आणि माणसागणिक एक विजेरी. वटवाघळांवर विजेरी मारायची नाही. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर तिथं थांबायचं नाही. आणि धूर होईल असं काहीही लेण्यात करायचं नाही.

जीव ठिकाणावर आल्यावर जेवलो. आई टाक्यापाशी बसली होती. तिथं लेख आहे. अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत. महाभोजाची मुलगी आणि महारठिणी असलेल्या सामडिनिका नावाच्या बाईने हे पाण्याचं टाकं दान दिलं, असा त्याचा अर्थ. चैत्यापाशीही एक लेख आहे, नाशिकच्या आनंद श्रेष्ठींचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा. राजेरजवाडे फारसे नाहीत. कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी, असेच हे लोक आपली ओळख सांगतात. शेजारच्या दगडावर मात्र अलीकडच्या मंडळींची नावं टोकदार वस्तूने खरवडलेली, बाणासकट!

थोरली म्हणाली, "बाबा, त्या बाईनेही नाव लिहिलंच की. मग यांनी लिहिलं तर तुम्ही का चिडता?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण, कायदा, असं काही मी जुळवीत होतो. आई म्हणाली, "अगं, तिने आधी पाणी दिलं, मग नाव लिहिलं."

पण नुकसान काय फक्त नावं खरवडणारेच करतात? या चैत्यात पूर्वी गिलाव्यावर रंगकाम होतं. 1861 च्या सुमारास गोऱ्या साहेबांची मर्जी राखायची म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी लेणं साफसूफ करून रंगवून घेतलं आणि त्यात ती जुनी चित्रं गेली. हेतू स्वच्छतेचा! मुलांना हे मुद्दाम सांगितलं, कारण परत निघताना धाकटा ओल्या रुमालाने एक खांब पुसून 'चकचकीत' करायच्या बेतात होता.

संध्याकाळी कामशेतहून पुण्याकडची गाडी पकडली. आई पेंगत होती. तळेगाव मागे पडलं, घोरावाडी स्टेशन आलं आणि खिडकीशी बसलेल्या धाकट्याने मला हलवून जागं केलं. शेलारवाडीच्या डोंगराकडे त्याचं बोट होतं. "बाबा, तिथं मध्यावर सलग कातळ आहे. घाटाचा रस्ता खालून जातो. पाणी असलं, तर तिथं लेणं असणार."

या मार्गाने मी शेकडो वेळा गेलो आहे. तिथं लेणी आहेत, हे मला माहीत होतं. पण मी ते त्याला सांगितलं नाही. "पुढच्या रविवारी बघू," एवढंच म्हटलं.