कमी तेलाचा नाश्ता, पण कुणाच्या वाट्याचा?

(सावनेर येथे ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण.)



मला बोलवायला ज्या कार्यकर्त्या ताईंचा फोन आला, त्यांनी आधीच बजावून ठेवलं, "भाषण थोडं करा, कमी कॅलरीचे पदार्थ करून दाखवा. नुसतं भाषण असलं की बायका उठून जातात." म्हणून समोर ही शेगडी मांडली आहे, गंज आहे, चणे भिजवून आणले आहेत. करून दाखवणार आहेच. पण शेगडी पेटवण्याआधी एक विचारते. आज सकाळी दहाच्या आत चहाशिवाय काही पोटात गेलं, अशा बायकांनी हात वर करा.

मोजले मी. अकरा हात. बसलो आहोत सत्तर-ऐंशी जणी. मागच्या रांगेतल्या या मावशी काय म्हणाल्या ते पुढच्यांना ऐकू आलं नसेल. त्या म्हणाल्या, "सगळ्यायचे डबे भरून होतेत, मंग कपभर चहा घेतो बाई. खायाले टाइम कुठं भेटते?" मावशींच्या घरी एक डबा खाणीतल्या पहिल्या पाळीचा, दोन शाळेचे, आणि सासऱ्यांना पथ्याचं वेगळं. आता या मावशींना मी कमी कॅलरीचं काय शिकवू? त्यांची सकाळ आधीच बिनकॅलरीची आहे.

कॅलरी हा शब्द आपल्या घरात आला तो बारीक होण्याच्या जाहिरातींतून. मुळात ते नुसतं एक माप आहे, खाल्लेल्या अन्नातून अंगाला किती बळ मिळतं त्याचं. पिठाचा किंवा डाळीतल्या प्रथिनांचा एक ग्रॅम सुमारे ४ कॅलरी देतो, तेलातुपाचा एक ग्रॅम ९. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी. असे तीन चमचे झाले की एक लहान भाकरी खाल्ल्यासारखं होतं. फरक एवढाच की भाकरीने पोट भरतं, तेलाने भरत नाही. आलूबोंडा खाऊन उठलेला माणूस तासाभरात पुन्हा डबे धुंडाळतो तो यामुळे.

आता महाराष्ट्राचे आकडे ऐका. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत सुमारे २१ जणी उंचीच्या मानाने फार बारीक निघाल्या. सुमारे २३ जणी जाड निघाल्या. आणि ५४ जणींच्या अंगात रक्त कमी. म्हणजे निम्म्याहून जास्त. जाड दिसणाऱ्या बाईच्या अंगातही रक्त कमी असू शकतं, हे आपल्या लक्षातच येत नाही. तिला सगळे म्हणतात, तुला काय झालंय, चांगली धडधाकट तर आहेस!

हे मी पुस्तकातलं सांगते आहे असं वाटेल, म्हणून माझ्या घरातलं सांगते.

मी शाळेत गृहविज्ञान शिकवायची. फळ्यावर चौरस आहाराचे तक्ते काढायची. २००४ साली माझ्या नवऱ्याला छातीत दुखू लागलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. वय अठ्ठेचाळीस. घरी सोडताना डॉक्टरांनी आहाराचा कागद दिला तो माझ्या हातात. खाणार ते, पण कागद माझ्या हातात! त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी तीन नाश्ते सुरू झाले. त्यांना बिनतेलाचं, मुलाला त्याच्या आवडीचं तळलेलं, सासूबाईंना दात नव्हते म्हणून मऊ. आणि चौथा माझा. मुलाने टाकलेली अर्धी पुरी, रात्रीचा भात, गंजाला लागलेलं खरवडून, उभ्या उभ्या. कधी तेही नाही, आणि बसस्टँडकडे पळायचं.

तळणीतलं उरलेलं तेल मी टाकत नव्हते. कोण टाकतं? ते त्यांच्या भाजीत चालणार नव्हतं, मुलाच्या भाजीला वास आला असता, म्हणून ते माझ्या फोडणीत जायचं. विकणाऱ्यांसाठी २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. पुन्हा पुन्हा तापवून तेलात खराब घटक ठरलेल्या प्रमाणाबाहेर वाढले, तर ते तेल वापरता येत नाही. घरात मोजायला कोण येतं? काळं पडलेलं तेल कुणाच्या ताटात जातं, ते तुम्हीच आठवून पाहा.

दीड वर्षात त्यांचं वजन नऊ किलोंनी उतरलं. नातेवाईक म्हणायचे, बाईने नवऱ्याला वाचवलं. आणि एक दिवस मी वर्गात फळ्यापाशीच चक्कर येऊन पडले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात. डॉक्टर बाईंनी विचारलं, "सकाळी काय खाता?" मला उत्तर देता येईना. लोह कशात असतं हे वीस वर्षं पोरींकडून पाठ करून घेणारी मी, माझ्या स्वतःच्या पोटात काय जातं ते मला सांगता आलं नाही.

त्या रात्री घरी भांडण झालं. ते सगळं इथे सांगत नाही. मी एवढंच म्हटलं की उद्यापासून या घरात एकच नाश्ता होईल. तो सगळ्यांना चालेल असा होईल, सगळे बसून खातील, आणि मी एकटी तो करणार नाही. नवऱ्याने आठ दिवस चणे भिजवले, नवव्या दिवशी विसरले. त्या दिवशी नाश्ता झाला नाही. मी केला नाही. फार अवघड होतं ते, हात शिवशिवत होते. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "माणसाच्या हातात झारा शोभते का?" पण सकाळी पोरगा उपाशी निघाला, तेव्हा त्याच आपल्या लेकाला म्हणाल्या, "रात्री वाटीभर चणे भिजवाले तुले का जोर पडते?" त्यानंतर फारसं विसरले नाहीत ते. पूर्ण सुधारले असं म्हणणार नाही. कांदा अजून जाडच चिरतात.

तर तेव्हापासून मी पदार्थ निवडताना दोन गोष्टी पाहते. तो घरातल्या कुणालाही करता आला पाहिजे. आणि सकाळी कुणाचाही वीस मिनिटांहून जास्त वेळ त्यात जाता कामा नये. कारण "घरचं ते चांगलं" असं आपण म्हणतो, ते खरंही आहे, पण घरचं म्हणजे कुणीतरी राबून केलेलं. २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं निघालं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८ मिनिटं. माझ्या भाषणामुळे त्या २८९ ची ३०० झाली तर मी इथे न आलेलीच बरी. कुणी घाईत स्टँडवरून मुलाला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला, तर तिच्याकडे नाक मुरडून पाहू नका.

या दिवसांत आपल्या भागात सगळ्यात सोपा नाश्ता कोणता? तुरीच्या शेंगा. जानेवारीत बाजारात ढीग असतो, कितीजणींच्या तर शेतातच असतात. धुवायच्या, मीठ घालून कुकरला दोन शिट्ट्या द्यायच्या. तेलाचा थेंब नाही. मधोमध परात ठेवायची आणि ज्याने त्याने आपली शेंग आपण सोलून खायची. मला हा पदार्थ फार आवडतो, कारण यात कुणी कुणाला वाढत नाही. हरभऱ्याचे सोले तसेच, कच्चेसुद्धा गोड लागतात. पोरांना हे गरिबाचं खाणं वाटायला लागलं आहे. त्यांना सांगा, त्यात प्रथिनं आहेत, चोथा आहे, आणि पाकिटातल्या कुरकुरीत पोकळ्यांपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

आता आपले चणा-पोहे. त्यातले चणे उत्तमच. बिघडवते ती तर्री, कारण तर्री म्हणजे वर तरंगणारं लाल तेल. चार माणसांना वाटीभर चणे रात्री भिजत घाला, सकाळी कुकरमध्ये मऊ शिजवा. कांदा, लसूण, आलं कोरड्या तव्यावर भाजून वाटा. दोन चमचे तेलाची फोडणी, त्यात वाटण, मसाला, आणि चण्याचं उकडलेलं पाणी सगळं. ते पाणी फेकू नका, रश्शाची चव त्यातच असते. चण्यांसोबत त्यांचाच थोडा चुरा केला की रस्सा दाट होतो, तेलाची उणीव भासत नाही. वरून लिंबू पिळायलाच हवं. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे चण्यातलं लोह अंगी लागतं. चहा मात्र त्याबरोबर नको, तासाभराने घ्या, चहा लोह अंगी लागू देत नाही. मला ठाऊक आहे, हे तुम्हाला सगळ्यात कठीण जाणार आहे. मलाही गेलं.

सांबारवडीचं विचारणारच तुम्ही. नागपुरी माणसाला सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्यामुंबईच्या मैत्रिणींना मला प्रत्येक वेळी सांगावं लागतं! सणाला तळलेली सांबारवडी कराच, तिच्यावर माझी बंदी नाही. एरवी मात्र भरपूर सांबार चिरून बेसन आणि ज्वारीच्या पिठात कालवा, तीळ, ओवा, मिरची, मीठ घाला, उंडे करून पंधरा मिनिटं वाफवा. हे रात्रीच करून ठेवता येतं. सकाळी फक्त कापायचं आणि आख्ख्या ताटाला मिळून एक चमचा तेलाची मोहरी-तिळाची फोडणी. आणि मुरमुरे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या यांचा कमी तेलाचा चिवडा डबाभर करून खाली, पोरांच्या हाताला लागेल असा ठेवा. मग चार वाजता "आई, खायला काय आहे?" अशी हाक येत नाही.

संत्र्याबद्दल आपल्या भागात सांगायला नको, पण रस काढून साखर घालू नका, फोडी खा. फल्लीदाणे आणि जवस चांगले आहेत, पण त्यांच्यात तेल पुष्कळ असतं, तेव्हा मूठभर दाणे, चमचाभर चटणी एवढंच.

तेल किती चालतं? राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार मार्गदर्शनात, २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाला दिवसाला तेलतूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. महिन्याला डोक्यामागे ८०० ग्रॅमच्या जरा वर. भाजी, फोडणी, तळण, तूप सगळं त्यातच. चौघांच्या घरात महिन्याला सव्वातीन किलो. तुमच्याकडे किती लागतं, ते किराण्याच्या चिठ्ठीवर पाहा. आमच्याकडे तेव्हा साडेपाच लागत होतं, बिनतेलाचं पथ्य चालू असताना!

एक चिठ्ठी आली आहे. "मुलगी पंधरा वर्षांची आहे, जाडी होईन म्हणून नाश्ता करत नाही, काय करावं?" ताई, तिच्यासाठी कमी कॅलरीचं काही करू नका. वाढतं वय, दर महिन्याची पाळी. मोठ्या माणसांच्या आकड्यांत बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलं, पुरुषाला १९. बाईला जास्त, कमी नाही. आणि घरात जरा कानोसा घ्या, "जाडी होशील, मग कोण करणार लग्न?" हे तिला कोण म्हणालं होतं? बहुतेक आपल्यापैकीच कुणीतरी. भावाच्या ताटलीत जेवढं, तेवढंच तिच्या ताटलीत वाढा. चार दिवस खाणार नाही, पाचव्या दिवशी खाईल, तुम्ही तिच्याशेजारी बसून खाल्लंत तर. आणि तरीही जेवणच टाकत असेल तर तिला डॉक्टरांकडे न्या, रागावू नका.

मावशी, तुमचं सासऱ्यांच्या पथ्याचं वेगळं असतं ना? त्या पथ्यातलं बाकीच्यांना काय चालत नाही, ते मला नंतर सांगा. बहुतेक सगळं चालतं. चार गंज कशाला?

आता पेटवते शेगडी. चणे उकडलेले आहेत, लिंबं आहेत. ही सांबाराची जुडी निवडायला दोन जणांचे हात लागतील. तुम्ही उठू नका, बसा. तिकडे दाराशी मंडपवाले दोन भाऊ मघापासून उभे राहून ऐकत आहेत. या हो दादा, आत या. चाकू इथे आहे.