सोपारा बंदरातील मंगलाचा लेख
(वावर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

उपासक-उपासिकांनो,

आपण डोंगरात राहणारी माणसे. बंदराशी आपला काय संबंध, असे आपणांस वाटेल. परंतु आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यात, प्राचीन शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा आहे. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात या बंदराचे नाव येते. उषवदाताने येथे वाटसरूंसाठी विश्रामगृह बांधल्याचे नाशिकच्या लेण्यातील लेख सांगतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उकरला, तेव्हा दगडी करंडकात भिक्षापात्राचे तुकडे व कांस्याच्या बुद्धमूर्ती निघाल्या. पुढे खाड्या गाळाने भरल्या आणि बंदर मोडले.

व्यापार गेला, परंतु सम्राट अशोकाचे शब्द उरले. त्याच्या आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२ साली सोपाऱ्यास मिळाला. नवव्या आज्ञेचा तुकडा जवळच्या भुईगावी १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी मिळाला. या नवव्या आज्ञेचा पूर्ण पाठ गिरनार आदी ठिकाणच्या शिळांवर आहे. तिचा आशय असा: आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासास निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ अल्प असते. दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान, हेच खरे मंगल होय. जेथे रोज गलबते प्रवासास निघत आणि हमाल-खलाशी राबत, त्या बंदरात हा लेख कोरला गेला, हे लक्षात घ्या.

मी वकील आहे. लेखी पुराव्याची किंमत जाणतो. याच उत्तर कोकणात, डहाणू-उंबरगावकडे, लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी आदिवासी नवराबायको जमीनदाराच्या घरी राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली सुरू झालेल्या वारली लढ्याने त्या प्रथेवर घाव घातला. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी नष्ट केली व तिच्यापायीचे कर्जही रद्द ठरविले. एका मंगलकार्याच्या खर्चातून दास्य कसे जन्मते, हे यावरून दिसते. शिळेने तर दोन्हींविषयी एकाच ठिकाणी सांगून ठेवले होते.

म्हणून माझी विनंती एवढीच: घरी लग्न निघेल तेव्हा ऋण काढून थाट करू नका, आणि आपल्या शेतावर राबणाऱ्यास त्याची मजुरी त्याच दिवशी द्या. मुलांना एकदा सोपाऱ्याचा स्तूप दाखवा. शिळेवरील मंगल आपल्या घरात आचरले जावे, हीच सदिच्छा.

जय भीम.