सांडपाण्याचा चौथा टप्पा आणि आपला हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



उजनी किती टक्के भरली, हे पावसाळ्यात आपण रोज विचारतो. त्या पाण्यात काय आहे, हे विचारत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत येते. सोलापूर शहर ते पाणी शुद्ध करून पिते आणि आपले सांडपाणी सीनेकडे सोडते. खालच्या अंगाचा शेतकरी मोटार टाकून तेच पाणी ज्वारीला देतो.

देगाव, कुमठे आणि प्रतापनगर इथे महापालिकेची सांडपाणी केंद्रे आहेत. अशा केंद्रांत जाळी कचरा अडवते, टाकीत गाळ बसतो आणि जिवाणू मैला खातात. पण माणसाने खाल्लेल्या गोळीचा काही भाग लघवीतून बाहेर पडतो. दुखण्यावरचे डायक्लोफेनॅक, फिटवरचे कार्बामाझेपिन जिवाणूंना नीट पचत नाही. ते पाण्याबरोबर पुढे जाते. लिटरमागे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढेच त्याचे प्रमाण. यालाच सूक्ष्म प्रदूषक म्हणतात.

एवढ्याशाने काय होते, असे कोणी म्हणेल. गिधाडे आठवा. डायक्लोफेनॅक टोचलेले जनावर मेले, ते गिधाडांनी खाल्ले आणि गिधाडे संपत आली. २००६ मध्ये सरकारला जनावरांसाठी ते औषध बंद करावे लागले. ते पाण्यातून झाले नाही, प्रमाणही जास्त होते. पण एकाचे औषध दुसऱ्याच्या पोटात गेले की काय होते, ते सगळ्यांनी पाहिले.

यावर उपाय आहे. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा घेऊन तो वाफेत ८०० ते १००० अंशांपर्यंत तापवतात. त्याला असंख्य बारीक छिद्रे पडतात. अशा एक ग्रॅम पुडीचा आतला पृष्ठभाग सुमारे दहा गुंठे भरतो! ही पूड जिवाणूंचे काम झालेल्या पाण्यात लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम घालून घुसळतात. औषधे तिला चिकटतात. मग पूड खाली बसवतात आणि उरलेली वाळूच्या थरातून गाळून अडवतात. गाळणी नसेल तर पूड विष घेऊन नदीत जाईल.

चुलीतला कोळसा विहिरीत टाकून हे काम होणार नाही. पाण्यातले क्षार आणि नायट्रेटही ही पूड काढत नाही.

आता खर्च. एक कोटी लिटर पाण्याला रोज १०० ते २०० किलो पूड लागते. हे पैसे कोणी द्यायचे? स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना या प्रदूषकांपैकी ८० टक्के काढण्याचे बंधन घातले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये ठरवले की या चौथ्या टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी द्यावा. २०२५ मध्ये कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. नफा आपला, घाण दुसऱ्याची, हा हिशेब तिकडेही सहजासहजी सुटत नाही.

आपले म्हणणे सरळ आहे. आधी आहेत ती केंद्रे पूर्ण क्षमतेने चालवा. मैला राहिला तर तोच पुडीची छिद्रे भरून टाकतो आणि पैसा पाण्यात जातो. त्यानंतर पूड आणि गाळणी आणा. पुडीचा गाळ जाळा. फुकटचे खत म्हणून आमच्या बांधावर टाकू नका. आणि खर्च शेतकऱ्याच्या पाणीपट्टीत घालू नका.

आपल्यालाही एक नियम पाळावा लागेल. कपाशीच्या फवारणीचा पंप ओढ्यात धुवायचा नाही. तेही सूक्ष्म प्रदूषकच. आपला ओढा स्वच्छ असेल, तरच शहराला जाब विचारताना आपला आवाज खणखणीत राहील.

शहराचे पाणी घ्यायला आमची ना नाही. पण ज्याची घाण, त्याचाच खर्च!